बिनतेलाचे सात महिने

२ जून

सौम्यानं ही वही आणून दिली. रोज सकाळी बीपी, वजन आणि काय खाल्लं ते लिहा, म्हणजे डॉक्टरांना दाखवता येईल, असा हुकूम. लेकीचं निपाणीत औषधाचं दुकान आहे, त्यामुळे ती आता बापालाही गिऱ्हाईक समजते.

बीपी १३४/८४. वजन ७८. सकाळी उपीट. त्यात तेल किती होतं, हे मनूला सांगता आलं नाही. "अंदाजानं घातलोय," म्हणाली. ती गुंजीची. तिकडच्या बायका 'मी जातो, मी येतो' असंच बोलतात, आणि लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी त्यात फरक नाही. ते एकवेळ सोडून देता येईल. पण गणिताच्या मास्तरच्या घरात अंदाज?

मे महिन्यात माझ्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवली. दवाखान्यातून सोडताना एक छापील कागद दिला. त्यावर आहे: तळलेलं बंद, डालडा बंद, तेल माणशी दिवसाला तीन-चार चमचे, शेंगदाणे, जवस थोडे खावेत. तीन की चार? चमचा कुठला? थोडे म्हणजे किती? दहावीच्या पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी वही परत फेकली असती. आमचे वडील चोपन्नाव्या वर्षी उचगावच्या रानात बांधावर बसल्या जागी गेले. थोरला भाऊ एकोणसाठाव्या वर्षी. मी आता बासष्टचा आहे. मला मोघम चालणार नाही.

५ जून

खूप विचार केला. गोष्ट सरळ आहे. तेलानं नळी तुंबते. कमी तेल बरं, त्याहून कमी आणखी बरं, मग शून्य सगळ्यात बरं. एवढं साधं डॉक्टरांना का लिहिता आलं नाही?

मनूला बसवून सांगितलं: आजपासून या घरात तेल, तूप, लोणी, खोबरं, शेंगदाणे, तीळ काही येणार नाही. दुधाची साय दोनदा काढायची. तिनं सगळं ऐकलं आणि विचारलं, फोडणी कशात द्यायची. पाण्यात दे म्हटलं. पाण्यात मोहरी तडतडत नाही म्हणाली. मोहरी तडतडलीच पाहिजे असा कुठं कायदा आहे?

१५ जून

धाकटा भाऊ रवळू उचगावहून आला. मोटरसायकलवर पोतंभर शेंगा आणि घाण्याचं तेल पाच लिटर. सामान दारातूनच परत न्यायला लावलं. आत घेतलं असतं तर दोन दिवसांत अर्धं संपलं असतं, मनूला मी ओळखतो.

त्याला राग आला. "अण्णा, आपल्या रानातल्या शेंगा हाईत. इख न्हाय," म्हणाला. मी त्याला समजावू लागलो की शेंगदाण्यात निम्मं तेलच असतं, तर तो मधेच उठून आत मनूशी काहीतरी बोलायला गेला. चहा न घेता निघून गेला. शिकलेला माणूस एखादी गोष्ट सांगतो तेव्हा ऐकून घ्यायची पद्धतच आमच्या घराण्यात नाही.

१ जुलै

बीपी १२८/८२. वजन ७५. तीन किलो उतरलं.

मनूलाही काट्यावर उभं केलं. ७१. तिचे गुडघे दुखतात, तेव्हा तिलाही हे पथ्य हवंच. तिच्यासाठी वहीत मागं वेगळं पान आखलं, खाली तारखा, बाजूला किलो. ती म्हणाली, बरं. एवढी एक गोष्ट तिच्यात चांगली आहे, उगीच फाटे फोडत नाही.

१९ जुलै

पडवळ उकडलेलं. दोडका उकडलेला. आमटी बिनफोडणीची. जेवणात राम नाही हे मला मान्य आहे, पण जेवण हा काही सिनेमा नव्हे.

भूक मात्र सारखी लागते. बेळगावात आमच्या अनगोळच्या नाक्यावर भजी तळतात तिथून जाताना मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालतो.

६ ऑगस्ट

माझ्या गोळ्या संपल्या म्हणून मनू दवाखान्यात गेली. अर्ध्या तासाचं काम, दोन तासांनी परत आली. तिथं चिन्मयी नावाची आहाराची सल्लागार बसते, वय सत्तावीस-अठ्ठावीस असेल, तिच्याकडे जाऊन बसली होती. आल्यापासून, "त्या बाई म्हणत हुत्या की..." मी पुढचं ऐकून घेतलं नाही. ज्या दवाखान्यानं तीन-चार चमचे असा कागद छापला त्याच दवाखान्यातली ती. तिला काय वेगळं ठाऊक असणार?

मनूनं गोळ्या कपाटात ठेवल्या. मग म्हणाली, "त्यांनी तुमचा रिपोर्ट बघितला. एवढंच सांगायचं हुतं." झालं, मिटलं.

२८ ऑगस्ट

एक गोष्ट नोंदवण्यासारखी. भाकरी आता चांगली होते. जूनमध्ये कडक व्हायची, आता मऊ असते, रंगही जरा तांबूस. आमटीही दाट झाली आहे. मी मनूला म्हटलं, बघ, सवयीचा प्रश्न होता, बिनतेलाचं जेवणही जमतं. ती पदराला हात पुसत म्हणाली, व्हय.

मी सातला जेवतो. ती मागून जेवते. मी बातम्या लावून बसतो.

७ सप्टेंबर

गणपती. सौम्या आणि जावई युवराज आले. मोदकात खोबरं नाही, वर तूप नाही, आत गूळ आणि शिजवलेली डाळ. युवराजनं एक खाल्ला आणि पोट भरल्याचं सांगितलं. पाच फूट अकरा इंचांचा माणूस एका मोदकात भरतो म्हणे.

सौम्यानं जेवताना सगळं सोडून आईची अंगठी बघितली. मनूनं ती दोरा गुंडाळून घट्ट केली आहे. सौम्या म्हणाली, "आई, किती उतरलीस गं." मी अभिमानानं वहीतलं पान दाखवलं, ७१ वरून ६३. तिनं पान बघितलं आणि मलाच विचारलं, "आप्पा, हे कुणी करायला सांगितलं?" कुणी सांगायला कशाला पाहिजे? आलेख खाली चाललाय हे दिसत नाही का तिला? औषधं विकणाऱ्यांना माणूस औषधाशिवाय बरा झालेला बघवत नाही.

१४ ऑक्टोबर

मनू पाटावर बसून भाकऱ्या थापते. ओट्यापाशी उभं राहवत नाही म्हणाली. केस विंचरताना फणीत गुंता येतो, तो खिडकीबाहेर टाकते आणि शेजारच्या बाईंची तक्रार माझ्याकडे येते. दुपारच्या उन्हात स्वेटर घालते. मी तिला म्हटलं, चाल जरा, माझ्याबरोबर फिरायला ये, अंगात रक्त खेळेल. नको म्हणाली.

उजव्या बरगडीखाली हात धरून बसते अधूनमधून. पित्त म्हणते. गरम पाणी प्यायला सांगितलं. आळस हा पित्ताचा भाऊ.

९ नोव्हेंबर

आजचा दिवस तांबड्या शाईनं लिहायला हवा. माझे रिपोर्ट आले. वाईट कोलेस्टेरॉल खाली, आणि जे चांगलं कोलेस्टेरॉल असतं, जे वाढत नाही अशी सगळ्यांची ओरड असते, ते ३१ वरून ४२. डॉक्टर खूश झाले. काय खाता असं विचारलं. मी म्हटलं, काहीच नाही, तेलाचा थेंब नाही, शेंगदाणा नाही, तीळ नाही. त्यांना ते पटलं नाही. कागद पुन्हा बघितला, मग म्हणाले, जे काय करताय ते करत राहा. मनू खाली फरशीकडे बघत होती. नवऱ्याचं कौतुक चाललंय तर माणसानं जरा हसावं.

१० नोव्हेंबर

मैदानावर फिरायला येणाऱ्या मंडळींना रिपोर्ट दाखवला. दोघांनी तिथंच तेल सोडायचं ठरवलं.

११ डिसेंबर

आज घरात चोरी पकडली.

तांदळाच्या डब्यामागं पत्र्याचा एक लहान डबा सापडला. उघडला तर शेंगदाण्याचं कूट, आणि त्यात भाजून कुटलेलं जवस. रवळूच्या शेंगा असणार, त्या दिवशी आत जाऊन तिच्याकडे देऊन गेला. म्हणजे सहा महिने माझ्या पाठीमागं हे चाललंय. मी उपाशीपोटी भज्यांचा वास टाळत रस्ता ओलांडायचा आणि हिनं घरात कूट खायचं.

मी खूप बोललो. चौतीस वर्षांत बोललो नसेन इतकं. ती तांदळाचा डबा जागेवर सरकवत राहिली. डबा घेऊन मी शेजारच्या गोठ्यातल्या म्हशीपुढं रिकामा केला.

रात्री वहीतलं तिचं पान बघितलं. ५६. कूट खाऊन पंधरा किलो कसं उतरलं? आकडे जुळत नाहीत. काटा बिघडला असेल.

२० डिसेंबर

भाकरी पुन्हा कडक. आमटी पुन्हा पाण्यासारखी. मनू रुसली आहे आणि सगळा राग भाकरीवर काढते आहे.

माझी गेले आठ दिवस फार चिडचिड होते. दुधवाल्याशी, शेजाऱ्यांशी, टीव्हीशी भांडलो. टाचा फुटल्या आहेत. लोकच असे झालेत.

१२ जानेवारी

उद्या भोगी. सौम्यानं निपाणीला बोलावलं आहे. मी फोनवर बजावलं की आमचं पथ्य आहे. ती म्हणाली, "तुमचं पथ्य तुम्ही पाळा. आईला मी वाढणार." मी फोन ठेवला. वाद घालायला अंगात शक्तीच नाही हल्ली.

१५ जानेवारी, कोल्हापूर, दवाखाना

दोन दिवस वही उघडली नाही. झालं ते क्रमानं लिहितो.

परवा निपाणीत सौम्यानं आईला पाटावर बसवलं. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, वर लोण्याचा गोळा, भोगीची भाजी, तीत वांगी, हरभरा, तीळ, कूट सगळं. मी समोर बसून मोजत होतो, भाकऱ्या दोन, लोणी अंदाजे चाळीस ग्रॅम. मनूनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मला राग आला. एवढं काय आहे त्यात?

तीन वाजता तिच्या पोटात कळ उठली. उजव्या बरगडीखाली, पाठीपर्यंत. उलटी झाली. घामानं भिजली. मी म्हणालो, बघा, एका जेवणाचं तेल. सौम्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी लिहू शकत नाही. बेळगाव लांब म्हणून युवराजनं गाडी कोल्हापूरला घेतली. कोगनोळीच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती, तिथं वीस मिनिटं गेली. मनू मागच्या सीटवर सौम्याच्या मांडीवर, गुडघे पोटाशी घेऊन. आवाज करत नव्हती. करायला हवा होता असं आता वाटतं.

सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. एक तोंडाशी अडकलेला, पिशवी सुजलेली. डॉक्टरीण बाईंना मी म्हणालो, एका दिवसाच्या लोण्यानं हे झालं. त्या म्हणाल्या, खडे एका दिवसात होत नाहीत, लोण्यानं ते फक्त जाणवले. मग विचारलं, वजन किती उतरलं आणि किती दिवसांत. मी म्हटलं, ७१ वरून ५३, साडेसहा महिन्यांत. आणि जेवणात काय होतं? मी सगळं सांगितलं. मैदानावर सांगायचो त्याच क्रमानं. त्या लिहीत होत्या. मधेच त्यांनी लिहायचं थांबवलं, पण मी बोलत राहिलो.

त्या शांतपणे म्हणाल्या, "पोटात स्निग्ध काही गेलं की ती पिशवी आकसते आणि रिकामी होते. काहीच गेलं नाही तर पित्त आत साचून घट्ट होतं. वजन झपाट्यानं उतरलं की खडे व्हायला आणखी वाव मिळतो." यांच्या बाबतीत हेच झालं असं शपथेवर सांगता येणार नाही, असंही म्हणाल्या. बाकीही कारणं असतात. मी त्या एका वाक्याला धरून बसलो दिवसभर. बाकीही कारणं असतात.

१६ जानेवारी

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. पिशवी काढली. बरी आहे. बीपी लिहिलं नाही, मशीन घरी आहे.

१८ जानेवारी

सौम्या चहाला खाली गेली तेव्हा मी मनूला विचारलं. डिसेंबरपासून तो प्रश्न माझ्या डोक्यात होता, पण त्याच्याकडे मी बघत नव्हतो.

"तो डबा कुणाचा होता?"

"तुमचा," म्हणाली.

मग हळूहळू सांगितलं. ऑगस्टमध्ये त्या चिन्मयीनं माझे रिपोर्ट बघून तिला सांगितलं होतं की ह्यांना सगळंच बंद करून चालणार नाही, उलट मूठभर शेंगदाणे, चमचाभर जवस, थोडं तेल रोज पोटात गेलंच पाहिजे, हृदयालाही ते लागतं. मी ऐकणार नाही हे मनूला माहीत होतं. म्हणून ती रोज दोन गोळे मळायची. एकात कूट आणि जवस, तो माझा. आमटीही दोन भांड्यांत. माझा रिपोर्ट चांगला आला तो त्यामुळं.

मी विचारलं, मग तू का नाही खाल्लंस. तिनं अंगावरचं पांघरूण सारखं केलं. 

"तुमच्या ताटात मी खोटं वाढत हुतो. माझ्या ताटात तरी तुमचा शब्द खरा असू दे म्हणलं."

मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. तिनं चार महिने दोन वेगळ्या भाकऱ्या केल्या आणि मी एकदाही तिच्या ताटात डोकावलो नाही. पंधरा किलोचा आकडा माझ्यासमोर होता. मी काट्याला दोष दिला.

सौम्या चहा घेऊन आली.  तिला सगळं आधीच माहीत असावं.

२७ जानेवारी, बेळगाव

घरी आलो. मनूला जिना चढताना हात दिला. हाताचं हाड हाताला लागलं.

आज मी स्वतः चिन्मयीकडे गेलो. तिनं मला ओळखलं नाही, मग मनूचं नाव सांगितल्यावर ओळखलं. मी वही पुढं केली. तिनं दोन्ही पानं बघितली. रागावेल असं वाटलं होतं, पण तिनं मला कागदाचा कोरा तुकडा दिला आणि लिहा म्हणाली. शरीराला स्निग्ध पदार्थ लागतातच. त्यांच्याशिवाय अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. कातडी, केस, ऊब, सगळं त्यावर. टाळायचं ते तळण, डालडा, पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल, बेकरीचं. घ्यायचं ते शेंगदाणे, तीळ, जवस, कारळे, अक्रोड मिळाले तर, आणि मासे खात असाल तर मासे. लोणी-तूप मला चाखण्यापुरतं. मनूला पिशवी नाही, तेव्हा एका वेळी थोडं, दिवसातून चार-पाचदा विभागून, हळूहळू वाढवत.

मी विचारलं, तेल नेमकं किती. ती म्हणाली, तीन-चार चमचे.

मी चमचा कुठला असं विचारणार होतो. विचारलं नाही. तिनंच सांगितलं, चहाचा.

३ फेब्रुवारी

मैदानावर गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं की मी चुकीचं सांगितलं होतं, आणि माझ्या बायकोचं काय झालं ते.  ज्या दोघांनी तेल सोडलं होतं त्यांतल्या एकाला मी लगेच बोलावून घेतलं, तर तो म्हणाला त्यानं चौथ्याच दिवशी पथ्य सोडून दिलं होतं, घरात भांडण झालं म्हणून. दुसरा अजून पाळत होता. त्याला तिथूनच दवाखान्यात पाठवलं.

८ फेब्रुवारी

मनूसाठी तक्ता तयार केला. सकाळी सात: भिजवलेले शेंगदाणे बारा. दहा: जवसाची चटणी, एक चमचा. दुपारी भाजीत तेल पाच मिली. चार वाजता तिळाची वडी, लहान. असं रात्रीपर्यंत. दोन रंगांत आखला, स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला.

मनूनं पूर्ण वाचला. मग चिकटपट्टी सोडवून काढला आणि घडी करून माझ्या हातात दिला.

मी विचारलं, काय चुकलंय त्यात.

"जूनमधी मला इचारला न्हाई," म्हणाली. "आता बी इचारत न्हाई."

"काय विचारायचं?"

"मला काय खाऊ वाटतंय ते."

आवाज चढवला नव्हता, पण चौतीस वर्षांत ती माझ्याशी असं बोलली नव्हती. मला आधी रागच आला. एवढा तक्ता केला, चिन्मयीला दोनदा फोन केला, आणि हिचं हे. मी गच्चीवर जाऊन बसलो. खाली आलो तेव्हा ती भाजी निवडत होती. मी विचारलं. मला वाटलं उपीट म्हणेल, नाहीतर पोहे.

तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"बांगडा," म्हणाली.

आमचं घर माळकरी. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात आमच्या आईनं तिला सांगितलं की इथं मासळी चालत नाही, आणि तिनं सोडली. गुंजीला तिचे वडील रेल्वेत होते, गोव्याकडच्या गाडीनं मासळीवाल्या यायच्या, आठवड्यातून तीनदा घरात मासे असायचे. हे ती आज सांगत होती आणि मी पहिल्यांदा ऐकत होतो. तिनं मासे सोडले हे मला ठाऊक होतं. तिला ते आवडायचे हे ठाऊक नव्हतं.

चिन्मयीला फोन केला. टाके पुरते भरायला आठ दिवस थांबा, मग रस्सा करून एक-दोन तुकड्यांपासून सुरुवात करा म्हणाली, बांगड्याचं तेल तर उत्तमच. मी म्हटलं, मला तेलाचं विचारायचं नव्हतं, फक्त चालेल का एवढंच.

१६ फेब्रुवारी

चिन्मयीनं सांगितल्याप्रमाणे आठ दिवस थांबलो. आज कॅम्पातल्या मासळी बाजारात गेलो. नाकाला रुमाल लावला होता, तो एका मासळीवालीनं बघितला आणि हसली, म्हणून काढला. सगळे बांगडे सारखे दिसत होते. मनूला फोन लावला. डोळे बघा म्हणाली, पांढरे पडलेले नको. कल्ले उचलून बघा, तांबडे पाहिजेत. मी वाकून कल्ले उचलले. मासळीवालीनं मधेच दुसरे दोन पुढं सरकवले, तर फोनमधून मनूनं विचारलं, कोण बोलतंय ते, तिला म्हणावं वरचे नको, बर्फाखालचे काढ. तिचा आवाज इतका खणखणीत कितीतरी महिन्यांत ऐकला नव्हता. आजूबाजूला लोक बघत होते. मी फोन मासळीवालीच्याच हातात दिला. दोघी कानडीत बोलल्या, घासाघीस केली, आणि चार बांगडे साफ होऊन माझ्या पिशवीत आले.

घरी मनूनं स्टुलावर बसून मसाला वाटला. मी बाजूला उभा राहून विचारत होतो, तेल किती घालणार, मोजून देऊ का, खोबरं किती. ती म्हणाली, "जरा गप बसा बघू." बसलो. खिडक्या सगळ्या उघडल्या होत्या तरी वास घरभर झाला. मला तो आवडला नाही. तसं तिला सांगितलं नाही.

माझ्यासाठी वांग्याची भाजी केली होती, कूट घालून. आज आम्ही एकाच वेळी बसलो. टीव्ही लावला नाही. बांगडे मी खाल्ले नाहीत, खाववले नसते, तिनंही आग्रह केला नाही.

ती एक बांगडा घेऊन बसली. काट्याजवळचं मांस बोटानं सोडवत, हळूहळू. मला लक्षात आलं की ती जेवताना कशी दिसते हे मी विसरलो होतो. घास लहान घेते. रस्सा भाकरीला पुरता मुरू देते. अर्ध्यावर ती थांबली, हात ताटातच, नजर खाली.   उजव्या बाजूला हात जातोय का ते मी बघत होतो.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"न्हाई," म्हणाली. "चव घेतोय."